पडल्याबद्दल टाळ्या

त्या रुग्णालयाच्या बालविभागात पडणाऱ्याला जेवढा मान होता, तेवढा एखाद्या मंत्र्यालाही मिळत नसेल. कोणी पोर निळ्या गादीवर धप्पकन पडलं, की हातातलं काम टाकून सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, असा तिथला नियमच होता. खेळणी धुणाऱ्या बाईने खेळणी बादलीत सोडायची, फरशी पुसणाऱ्याने काठी काखेत मारायची, आणि ज्याच्या एका हातात चहाचा पेला असेल त्याने निदान उरलेला हात मांडीवर आपटायचा.

हा नियम मोठ्या मॅडमनी आणला होता. मोठ्या मॅडम म्हणजे विभागाच्या प्रमुख. त्या एकदा कुठल्याशा परिषदेला गेल्या आणि परत आल्या त्या पडण्याचं महत्त्व घेऊन. मुलं पडायला घाबरतात म्हणून चालत नाहीत. तेव्हा पडण्याची भीती घालवा, पडणं साजरं करा, चालणं आपोआप येईल, असा तो सिद्धान्त. 'पडणे हा प्रवास आहे' असा फलकही त्यांनी भिंतीवर लावून घेतला. तो इतका खाली लावला होता, की पडलेल्या मुलाला तो नीट वाचता यावा. मुलांना अजून वाचता येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

आणि खोटं कशाला बोला, सुरुवातीला त्याचा गुणही आला. वर्षानुवर्षं आईच्या कमरेला चिकटून बसलेली पोरं हात सोडू लागली. पण चांगल्या गोष्टीला आपल्याकडे पोटभर जेवू घालून अपचन करवण्याची सवय आहे. एकदा एका पेशंटचे आजोबा ओल्या व्हरांड्यात घसरून पाठीवर आपटले, तर अख्ख्या विभागाने उभं राहून टाळ्यांचा कडकडाट केला. आजोबा कमरेला हात लावून म्हणाले, "देव तुमचं कल्याण करो," आणि पुन्हा कधी त्या मजल्यावर फिरकले नाहीत.

या सगळ्यात टाळी वाजवावी तर ती टाळीबाईंनी. हुद्दा 'उपचार साहाय्यक'. म्हणजे उपचार मॅडमचे आणि साहाय्य यांचं. मुलांच्या पायांना स्प्लिंट चढवायचे, त्यांचे पट्टे आवळायचे, लाळेने माखलेल्या रबरी कड्या धुवायच्या, फरशीवर चिकटपट्टीच्या रेघा मारायच्या, आणि आठवड्यातले काही दिवस कापडी पिशवी खांद्याला लावून घरोघरी जाऊन तोच कित्ता गिरवायचा, असं त्यांचं काम. बाई मनाने निर्मळ, पण आपल्या टाळीचा त्यांना भारी अभिमान. त्यांची टाळी दोन मजले खाली औषधाच्या खिडकीपर्यंत ऐकू जाई. "हातात देवाने काहीतरी दिलंय," असं त्या नम्रपणे म्हणत, आणि दिवसातून बऱ्याचदा म्हणत. स्वतः मात्र त्या कधी पडल्या नव्हत्या. इस्त्रीचा फिकट हिरवा कोट, छातीवर बिल्ला, आणि चालणं असं, की फरशी जणू यांच्यासाठीच अंथरली आहे. पडणं साजरं करायचं ते दुसऱ्याचं. आपलं साजरं करायची वेळ येऊ नये, एवढी काळजी त्या घेत.

त्यांची सगळ्यात लाडकी पेशंट भिंगरी. सहा वर्षांची. जन्मापासून पोटऱ्या ताठ, टाचा वर. हे नाव आत्याने ठेवलेलं, ते पायांवरून नव्हे, जिभेवरून. पाय चालत नव्हते तेव्हाही तोंड चालत होतं. स्प्लिंट आले, बूट आले, टाळीबाई आल्या, आणि भिंगरी उभी राहिली, चालली, पडली. पडली तेव्हा टाळ्यांचा असा पाऊस झाला, की पोरीने डोळे विस्फारून सगळीकडे पाहिलं. टाळीबाईंना तो क्षण फार पवित्र वाटला. तो किती महागात पडणार आहे हे त्यांना तेव्हा कुठे माहीत!

कारण आता शाळेचा प्रश्न आला होता. घराजवळच्या शाळेने भिंगरीला गेल्या वर्षी "पुढच्या वर्षी बघू" म्हणून परत पाठवलं होतं. यंदा मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं, की सोमवारी मुलीला घेऊन या, फाटकापासून वर्गापर्यंत ती न पडता चालली तर घेऊ. पडली तर आम्ही जबाबदारी कुठवर घ्यायची? पुढच्या वर्षी बघू. भिंगरीच्या आईने दप्तर आणून ठेवलं होतं आणि पोरगी ते उशाशी घेऊन झोपत होती.

"सोमवारची काळजीच करू नका," टाळीबाईंनी आईला सांगितलं होतं. "मी स्वतः बरोबर येते."

सोमवार तोंडावर आला तशा त्या भिंगरीच्या घरी गेल्या. दार उघडंच होतं. आत पाऊल टाकणार, तेवढ्यात त्यांना दिसलं, की भिंगरी पलंगावरून उतरली, खोली ओलांडून खिडकीशी गेली, कट्ट्यावरचा कंगवा उचलला, आणि तशीच वळून परत निघाली. ना भिंतीला हात, ना खुर्चीला. चाल थोडी बदकासारखी, पण अशी ठाम, की टाळीबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग भिंगरीची नजर दारात गेली. चेहरा उजळला. ती थांबली, उजवा गुडघा हलकासा सैल सोडला, खोलीत कोण कोण आहे ते एकदा पाहून घेतलं, आणि अगदी अदबीने विचारलं, "टाळीमावशी, आता पडू का?"

टाळीबाईंच्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं.

"पडू का म्हणजे?"

"तू आलीस ना, म्हणून. मघाशी कोणीच नव्हतं, मग मी नुसतीच चालले."

स्वयंपाकघराच्या दारात आत्या उभी होती. आत्या म्हणजे भिंगरीच्या वडिलांची थोरली बहीण. शिवणकाम करी, आणि टाके फक्त कापडालाच घाली असं नाही.

"या, या, बाई," आत्या म्हणाली. "आमच्या घरात हल्ली धड चालणाऱ्याला कोणी हिंग लावून विचारत नाही. पडणाऱ्याचे लाड. परवा माझा भाऊ बादलीसकट न्हाणीघरात पडला. उठला नाही. बसून राहिला. म्हटलं, लागलं का रे? तर म्हणतो, टाळ्या नाहीत का? एवढा बाप्या माणूस!"

"ताई, उगाच काय," भिंगरीची आई आतून कसनुसं हसत म्हणाली.

"उगाच काय, वहिनी? ही पोर दिवसभर तुरुतुरु चालते. पाहुणा आला की आडवी. दूधवाला आला, आडवी. वरच्या मजल्यावरची म्हातारी सुईदोरा मागायला आली, तर तिच्यासाठी दोनदा आडवी. का, तर तिला कमी ऐकू येतं, टाळी उशिरा वाजवली."

टाळीबाई पलंगाच्या काठावर बसल्या. आपण या मुलीला चालायला शिकवलं, असं त्यांना इतके दिवस वाटत होतं. चालायला ती स्वतःच शिकली होती. यांनी शिकवलं होतं ते पडायला, आणि तेही प्रेक्षक बघून.

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या मॅडमच्या खोलीत गेल्या. मॅडम कुठल्यातरी पाहुण्यांसाठी भाषण लिहीत होत्या.

"मॅडम, भिंगरी मुद्दाम पडते."

"मुद्दाम?" मॅडमनी चष्मा वर केला. "म्हणजे स्वेच्छेने?"

"स्वेच्छेने म्हणजे... विचारून पडते. आता पडू का, म्हणून विचारते."

मॅडमचा चेहरा असा फुलला, की टाळीबाईंना धडकी भरली. "बाई, ही केवढी मोठी गोष्ट आहे, कळतंय का तुम्हाला? पडण्यावर ताबा! स्वेच्छापतन! अजून कोणीच इथपर्यंत पोचलेलं नाही." आणि त्यांनी तो शब्द लगेच भाषणात घालूनही टाकला.

"पण सोमवारी शाळेत पडली तर घेणार नाहीत तिला."

"मग शाळेचा दृष्टिकोन बदलायला हवा."

"सोमवारपर्यंत?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या वाईट नव्हत्या. फक्त स्वतःच्या कल्पनेच्या प्रेमात पडल्या होत्या, आणि त्या पडण्याला तर विभागात टाळ्याच होत्या. "बाई, पद्धत मध्येच सोडायची नसते. मुलं गोंधळतात. टाळ्या चालू ठेवा. आणि हो, पाहुणे आले की भिंगरीला आणा. स्वेच्छापतन दाखवू."

टाळीबाई "बरं मॅडम" म्हणाल्या. आयुष्यात त्या बहुधा एवढंच म्हणत आल्या होत्या. पण जिना उतरताना त्यांनी मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली, आणि तडक आत्याला जाऊन मिळाल्या.

दोघींनी ठरवलं, की पडली तर कोणी ढुंकून बघायचं नाही, आणि चालली की टाळी. ऐकायला किती सोपं! भिंगरी खोलीभर चालली. टाळीबाईंनी टाळी वाजवली. भिंगरी त्यांच्याकडे संशयाने बघत राहिली.

"अजून पडले नाहीये मी."

"चाललीस म्हणून वाजवली, राणी."

"चालतात काय, सगळेच चालतात," भिंगरी म्हणाली. मग तिने गुडघा सैल सोडला आणि व्यवस्थित, हात पुढे टेकवून, शिकवल्याप्रमाणे पडली. कोणी हललं नाही. आत्या शिलाई मशीनचं चाक फिरवत राहिली.

"आत्या, मी पडलेय."

"दिसलं."

"मग?"

"मग काय? तेवढीच फरशी पुसून निघाली."

भिंगरीने गाल फुगवले आणि बराच वेळ तशीच पडून राहिली. टाळीबाईंनी दोन्ही हात बगलेत दाबून धरले होते. हातात देवाने जे काही दिलं होतं, ते आवरून धरणं किती अवघड असतं, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

शेवटी त्यांनी तहाची बोलणी केली. "हे बघ, बाळा. घरी काय गोंधळ घालायचा तो घाल. शाळेत पडायचं नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

"एकदापण नाही? छोटंसं?"

"छोटंसंही नाही. पडलीस तर त्या बाई शाळेत घेणार नाहीत."

भिंगरीने दप्तराकडे पाहिलं. तिला शाळा हवी होती, त्यात शंका नव्हती. "पण तिथे तर सगळे नवीन असतील," ती कळवळून म्हणाली. "त्यांनी माझं काहीच बघितलेलं नाही."

सोमवारी आत्या आली नाही. "माझं तोंड घरीच बरं," ती म्हणाली. फाटकाशी भिंगरी, तिची आई आणि टाळीबाई. फाटकावरचा वॉचमन जांभई देत होता. मुख्याध्यापिका बाई बाहेर आल्या, एका हातात फोन, दुसऱ्या हातात चष्म्याचं घर, आणि चेहऱ्यावर 'लवकर उरका'.

"ही का ती? चाल बघू, बाळ."

भिंगरी निघाली. पटांगण ओलांडलं. पायरी आली, कठड्याला धरून चढली. मग लांब, गुळगुळीत व्हरांडा, एका बाजूला वर्गांची दारं, आणि प्रत्येक दारातून कोंबड्यांसारख्या बाहेर काढलेल्या माना. भिंगरी मधोमध चालत होती. बदकासारखी, ठाम. आईने ओठ दातांखाली धरला होता. टाळीबाईंनी हात पाठीमागे एकमेकांत अडकवले होते.

अर्धा व्हरांडा झाला. कोणी काही बोललं नाही. मुख्याध्यापिका बाई फोनमध्ये बघत "हं, हं" करत मागून येत होत्या. त्या "हं"मध्ये ना कौतुक होतं, ना काळजी. भाजी निवडताना माणूस करतं तसलं "हं". भिंगरीने एकदा मागे बघितलं. मग डावीकडे. दारादारांत गच्च भरलेले प्रेक्षक. एवढी गर्दी तिला विभागात कधी मिळाली नव्हती. आणि त्यातलं कोणी टाळी वाजवत नव्हतं.

ती थांबली. उजवा गुडघा हलकासा सैल झाला.

तो गुडघा त्या सबंध व्हरांड्यात एकट्या टाळीबाईंना वाचता येत होता. ओरडावं, तर मुख्याध्यापिका बाई मान वर करणार. धावून धरावं, तर 'आधाराशिवाय चालत नाही' म्हणणार. टाळी वाजवावी, तर पोरगी नमस्कार केल्यासारखी हमखास पडणार. टाळीबाईंनी आपल्या इस्त्रीच्या कोटाकडे एकदा पाहिलं, देवाचं नाव घेतलं, आणि फतकल मारून, चांगल्या घसघशीत आवाजात, शाळेच्या व्हरांड्यात पडल्या.

आवाज असा झाला, की एका वर्गात कोणीतरी किंचाळलं. कापडी पिशवीतून रबरी कड्या, चिकटपट्टी आणि एक पिवळा चेंडू बाहेर पडून घरंगळत गेला. मुख्याध्यापिका बाईंनी फोन खाली केला.

भिंगरीने वळून पाहिलं. आपला गुडघा ती विसरली. तोंडाचा आ झाला, मग डोळ्यांत अपार कौतुक दाटलं, आणि तिने टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"शाब्बास, टाळीमावशी! वा! किती मोठी पडलीस!" ती पावलं टाकत परत आली, आधाराशिवाय, भरभर, टाळ्या वाजवतच, आणि टाळीबाईंसमोर उभी राहून शहाण्या सुरात म्हणाली, "घाबरायचं नाही. हात टेकव. आता गुडघा. मी आहे ना." तिने हात पुढे केला. दारादारांतल्या मुलांना नक्की काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण टाळ्या वाजवायला कळावं लागतं असं कुठे आहे? अख्ख्या व्हरांड्याने टाळ्या वाजवल्या.

टाळीबाई त्या टाळ्यांमध्ये बसून होत्या. कंबर ठणकत होती, कोटाची शिवण खांद्यावर उसवली होती. इतकी वर्षं आपण लेकरांना जी वस्तू एवढ्या थाटाने वाटली, तिची चव त्यांनी प्रथमच घेतली. त्यांना अजिबात आवडली नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुख्याध्यापिका बाई पुढे आल्या. त्यांनी भिंगरीकडे पाहिलं, मग टाळीबाईंकडे, आणि आईला म्हणाल्या, "मुलीचं काही नाही. मुलगी छान चालते. उद्यापासून पाठवा. पण ही बाई कोण? असली तोल जाणारी माणसं मुलांबरोबर कशी पाठवतात? सांगून ठेवते, यांना आत सोडायचं नाही. त्यांचीही जबाबदारी आम्ही कुठवर घ्यायची?"

आईला हसू आणि रडू एकदमच आलं. टाळीबाई भिंगरीचा हात धरून उठल्या आणि म्हणाल्या, "बरं, मॅडम."

तक्रार त्यांच्याआधी विभागात पोचली होती. मोठ्या मॅडमनी त्यांना बसवून घेतलं, पाणी दिलं आणि हळुवारपणे विचारलं, "बाई, खरं सांगा. स्वेच्छेने पडलात का?"

"स्वेच्छेने कोण पडतं, मॅडम?" टाळीबाई म्हणाल्या. हे त्यांचं पहिलंच उलट उत्तर. मॅडमनी ते ऐकलं नाही, कारण त्या विचारात पडल्या होत्या. शेवटी असं ठरलं, की तोल तपासल्याखेरीज टाळीबाईंना घरोघरी पाठवायचं नाही. मग काही दिवस, मुलांची वेळ संपली की, टाळीबाई स्वतःच मारलेल्या चिकटपट्टीच्या रेघेवरून टाच-पंजा, टाच-पंजा करत चालत, आणि फरशी पुसणारा काठीवर हनुवटी टेकून बघे. "पडा की एकदा, बाई," तो म्हणे. "आम्हालाही जरा टाळ्या वाजवू द्या."

पाहुणे येऊन गेले. दाखवायला भिंगरी नव्हती. ती शाळेत होती. स्वेच्छापतनाचं भाषण मात्र झालं, आणि म्हणे फार रंगलं.

तोल ठीक असल्याचा निर्वाळा मिळाला, तशी टाळीबाई पुन्हा पिशवी खांद्याला लावून फिरू लागल्या. एक दिवस वाट वाकडी करून त्या शाळेच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. आत जायची बंदी होती, बघायची नव्हती. मधली सुट्टी चालू होती. मुलींच्या घोळक्यात भिंगरी दिसली. दप्तराचा बंद लोंबत होता, वेणी सुटलेली, आणि तोंड, देवाच्या दयेने, अखंड चालू. पायरीजवळ आली आणि बूट अडकून पडली. खरीखुरी पडली, गुडघा सैल नाही, कोण बघतंय याचा अंदाज नाही. तोंडातलं वाक्य अर्धं राहिलं होतं, ते तिने जमिनीवरूनच पूर्ण केलं. मग उठली, तळवे फ्रॉकला पुसले आणि घोळक्याबरोबर आत गेली. फाटकाकडे बघितलंसुद्धा नाही.

टाळीबाईंचे हात उठलेच. आवरता आवरता, गजांबाहेर, एकच टाळी वाजली.

वॉचमन स्टुलावर दचकला. "डास होता का?"

"होता," टाळीबाई म्हणाल्या, आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. "गेला उडून."